एकच सर्फबोर्ड सगळ्या लाटांना चालतो का? उत्तर ड्यूक कहानामोकूच्या आयुष्यात सापडतं

हवाईतल्या वायकिकी बीचवर ब्राँझचा एक उंच पुतळा आहे. दोन्ही हात पसरलेले, हातांवर लोकांनी घातलेल्या फुलांच्या माळा आणि पाठीमागे उभा केलेला सर्फबोर्ड. हा ड्यूक कहानामोकू. १९९० साली, म्हणजे त्याच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा हा पुतळा बसवला आणि त्यावरून कुरबुर सुरू झाली. कारण पुतळ्याची पाठ समुद्राकडे आहे. समुद्राकडे कधी पाठ करायची नाही, हा तर सर्फिंगचा पहिला धडा.

ड्यूकचं नाव निघालं की लोक ऑलिम्पिकची मेडल्स मोजतात. आज आपण त्याच्या पाठीमागच्या बोर्डबद्दल बोलू. कारण सर्फिंग शिकलेल्या प्रत्येकाला पुढच्याच महिन्यात एक प्रश्न पडतो. बोर्ड घ्यायचा तर कुठला? लांब घेतला तर वळत नाही, आखूड घेतला तर लाटच पकडता येत नाही. मग दुकानदार सांगतो, मिड-लेंग्थ घ्या, सगळीकडे चालेल.

खरंच सगळीकडे चालतो का?

तर गोष्ट सुरू होते २४ ऑगस्ट १८९० ला, होनोलुलूमध्ये. ड्यूक ही त्याची पदवी नव्हती, ते त्याचं नाव होतं. १८६९ मध्ये ब्रिटनचा राजपुत्र, ड्यूक ऑफ एडिनबरा हवाईत आला होता. त्याच सुमारास जन्मलेल्या एका मुलाचं नाव त्याच्यावरून ड्यूक ठेवलं. या मुलाने पुढे आपल्या थोरल्या पोराला तेच नाव दिलं. तो आपला ड्यूक.

तो तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा हवाईची राणी लिलिउओकलानी हिला गादीवरून हटवलं गेलं. आठव्या वर्षी त्याचं राज्य अमेरिकेत विलीन झालं होतं. सर्फिंगची अवस्थाही वाईटच होती. बाहेरून आलेल्या रोगांनी हवाईची लोकसंख्या घटली होती आणि मिशनऱ्यांना हा उघड्या अंगाचा खेळ पटत नव्हता. एकेकाळी राजापासून कोळ्यापर्यंत सगळे खेळायचे तो खेळ वायकिकीसारख्या थोड्या किनाऱ्यांवर तग धरून होता. ड्यूक आणि त्याचे भाऊ तिथेच पोहत, लाटांवर खेळत मोठे झाले.

इथे एक गोष्ट समजून घेऊ. जुन्या हवाईत बोर्ड एकाच प्रकारचा नव्हता. पाइपो नावाची छोटी फळी असायची, पोटावर झोपून लाट घ्यायला. अलाइआ ही पातळ आणि मधल्या लांबीची, वेगाने फुटणाऱ्या लाटेसाठी. आणि ओलो म्हणजे सरदारांचा बोर्ड. लांबलचक, जाड, जड. खोल पाण्यात नुसता फुगवटा दिसत असताना, लाट फुटायच्या आधीच तिच्यावर स्वार व्हायला ओलो लागायचा.

म्हणजे लांबीचा वाद शेकडो वर्षं जुना आहे. हवाईच्या लोकांनी तो सोपा सोडवला होता. लाट बघायची आणि तिच्याप्रमाणे फळी उचलायची.

ड्यूकचा लाडका बोर्ड याच ओलोच्या धर्तीवर बनवलेला होता. कोआ लाकडाचा, १६ फूट लांब आणि ११४ पौंड वजनाचा. म्हणजे जवळपास ५२ किलो, सिमेंटच्या गोणीपेक्षा जड. खाली फिन नाही. वळवायचा तर पाय पाण्यात घालायचा किंवा अंग झुकवायचं. हे धूड चालायचं कारण वायकिकीच्या लाटा. तिथे लाट लांबवर खडकाळ तळावर उठते आणि निवांत लोळत किनाऱ्याकडे येते. तिला वळणं घेणारा बोर्ड लागत नाही, लांबवर सरकत जाणारा लागतो. १९१७ मध्ये ड्यूकने एकाच लाटेवर मैलभराहून जास्त अंतर कापलं, हा किस्सा हवाईत आजही सांगतात.

पण जगाला ड्यूक माहीत झाला तो पोहण्यामुळे. ऑगस्ट १९११ मध्ये होनोलुलूच्या बंदरात त्याने १०० यार्ड ५५.४ सेकंदांत पार केले. आधीच्या विक्रमापेक्षा ४.६ सेकंद कमी! अमेरिकेतल्या अधिकाऱ्यांचा विश्वासच बसला नाही. प्रवाहाने मदत केली असेल, घड्याळ चुकलं असेल, अशी कारणं निघाली आणि विक्रम नामंजूर झाला. ड्यूकने उत्तर पुढच्या वर्षी स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये दिलं. १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये गोल्ड, रिलेमध्ये सिल्व्हर. १९२० ला अँटवर्पमध्ये आणखी दोन गोल्ड आली. १९२४ ला पॅरिसमध्ये जॉनी वाइसम्युलरच्या मागे सिल्व्हर आलं, तेव्हा ड्यूक ३३ वर्षांचा होता.

या प्रसिद्धीमुळेच १९१४ च्या अखेरीस त्याला ऑस्ट्रेलियात बोलावलं. काम पोहण्याच्या शर्यतींचं होतं, त्यामुळे बोर्ड सोबत नव्हता. पण सिडनीच्या लोकांना त्याला लाटेवर उभं राहिलेलं बघायचं होतं.

ड्यूकने लाकूड मागितलं. शुगर पाइनचा ओंडका मिळाला आणि त्याने स्वतःच्या हाताने बोर्ड तासला. किती फुटांचा? सुमारे साडेआठ.

सोळाचा नाही, साडेआठचा.

सिडनीच्या फ्रेशवॉटर बीचवरची लाट वायकिकीसारखी नाही. तळाला वाळू आहे, लाट किनाऱ्याजवळ उठते आणि पटकन फुटते. तिथे १६ फुटांचं धूड वळवायला जागाच मिळत नाही. साडेआठ फुटांच्या बोर्डने फेसाळत्या पाण्यातून बाहेर जाता आलं, लाट लवकर पकडता आली आणि ती फुटत असताना तिरकं निसटताही आलं. किनाऱ्यावरची गर्दी बघत राहिली. पुढच्या एका प्रात्यक्षिकात त्याने इसाबेल लेथम या १५ वर्षांच्या मुलीलाही बोर्डवर घेतलं आणि दोघांनी मिळून लाट पकडली. तो बोर्ड आजही फ्रेशवॉटरच्या सर्फ लाइफ सेव्हिंग क्लबने जपून ठेवलाय.

आज बाजारात मिड-लेंग्थ म्हणून जे विकलं जातं, ते साधारण साडेसहा ते साडेआठ फुटांमध्ये येतं. त्यामागचा हिशोब फ्रेशवॉटरसारखाच आहे. लाट पकडायला पुरेशी लांबी, वळायला पुरेसा आखूडपणा.

बोर्डचं खरं मोल मात्र १४ जून १९२५ ला कळलं. ड्यूक तेव्हा कॅलिफोर्नियात होता, हॉलिवूडच्या सिनेमांत छोटी कामं करायचा. न्यूपोर्टजवळ कोरोना डेल मार इथे खवळलेल्या समुद्रात थेल्मा नावाची बोट उलटली. बोटीवर १७ माणसं होती. ड्यूक बोर्ड घेऊन थेट लाटांत घुसला. बुडणाऱ्या माणसाला बोर्डवर ओढायचं, किनाऱ्यावर सोडायचं आणि परत फिरायचं. अशा फेऱ्या मारून त्याने एकट्याने ८ जणांना वाचवलं. इतरांनी आणखी चौघांना काढलं. पाच जण गेले.

त्या दिवशी बोर्डकडून कुणाला वळणं नको होती. तो तरंगायला हवा होता, माणसाचा भार घेऊन फेसातून पुढे जायला हवा होता. यानंतर अमेरिकेतल्या किनाऱ्यांवर लाइफगार्ड सर्फबोर्ड जवळ ठेवू लागले.

आणि बोर्ड निवडताना लोक नेमकं हेच विसरतात. लाटेवर उभं राहणं काही सेकंदांचं असतं, बाकी सगळा वेळ पोटावर झोपून हाताने वल्हवण्यात जातो. म्हणून लांबीच्या आधी व्हॉल्यूम बघायचा, म्हणजे बोर्ड किती लिटरचा आहे ते. ७० किलोच्या, नुकत्याच सरावलेल्या माणसाला साधारण ४५ ते ५० लिटरचा मिड-लेंग्थ सोयीचा पडतो. लांबी सात फूट असूनही बोर्ड पातळ आणि अरुंद असेल तर तो तुम्हाला नीट तरंगवणार नाही.

दुसरी गोष्ट रॉकर. बोर्ड बाजूने बघितला की केळीसारखा जो बाक दिसतो, तो रॉकर. बाक कमी असेल तर मंद लाटेवरही बोर्ड पळतो, पण उभ्या लाटेत त्याचं नाक पाण्यात घुसतं. बाक जास्त असेल तर नेमकं उलटं. सगळ्या प्रकारच्या लाटा घ्यायच्या असतील तर मधला भाग सपाट आणि पुढच्या टोकाला थोडा बाक असलेला बोर्ड बरा.

तिसरी गोष्ट शेपूट आणि फिन. फिन ड्यूकच्या तरुणपणी नव्हतीच. त्याचा मित्र टॉम ब्लेक याने १९३५ मध्ये ती पहिल्यांदा बोर्डला लावली. आज मधे एक मोठी आणि बाजूला दोन छोट्या फिन लागतील असा बोर्ड घ्यावा. लाट छोटी आणि निवांत असली की बाजूच्या काढून ठेवायच्या, उभी असली की लावायच्या. गोलसर शेपूट दोन्हीकडे सांभाळून घेते.

हे सगळं जमवूनही मर्यादा राहतेच, आणि त्याचा पुरावा ड्यूकच्याच नावाने भरणाऱ्या स्पर्धेत मिळाला. १९६५ पासून हवाईत सनसेट बीचच्या मोठ्या लाटांवर ड्यूक कहानामोकू इनव्हिटेशनल सुरू झाली. १९६७ च्या शेवटी ऑस्ट्रेलियाचा शेपर बॉब मॅकटॅव्हिश तिथे रुंद शेपटीचा, तळाला व्ही आकार दिलेला नवा बोर्ड घेऊन उतरला. ऑस्ट्रेलियातल्या लाटांवर हा बोर्ड झकास वळायचा. सनसेटच्या लाटेवर त्याची शेपूट सुटायला लागली आणि बोर्ड गरकन फिरायला लागला. बोर्ड वाईट नव्हता. लाट वेगळी होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, २२ जानेवारी १९६८ ला, वयाच्या ७७ व्या वर्षी ड्यूकचं हृदयविकाराने निधन झालं. पेट्रोल पंप चालवलेला, सलग १३ वेळा होनोलुलूचा शेरीफ म्हणून निवडून आलेला हा माणूस. त्याच्या अस्थी वायकिकीच्या समुद्रात सोडल्या. नेमक्या त्याच काळात जगभरात साडेनऊ फुटांचे बोर्ड झपाट्याने आखूड होत सात फुटांखाली आले. त्या घाईत मधल्या लांबीचे बोर्ड मागे पडले, ते बऱ्याच वर्षांनी पुन्हा लोकांना आठवले.

मग दुकानदाराचं म्हणणं खरं की खोटं?

अर्धं खरं. गुडघ्याएवढ्या लाटेपासून डोक्याच्या थोडं वर जाणाऱ्या लाटेपर्यंत चांगला मिड-लेंग्थ तुम्हाला निराश करत नाही. अगदी मरगळलेल्या लाटेवर लाँगबोर्ड त्याच्यापेक्षा भारी आणि पोकळ, उभ्या लाटेत शॉर्टबोर्ड. त्यामुळे बोर्ड घेताना वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाचं स्वप्न बघू नका. तुमच्या किनाऱ्यावर नेहमी जी लाट येते ती डोळ्यांसमोर आणा, आणि तिच्यावर सगळ्यात जास्त वेळा उभं राहता येईल तो बोर्ड उचला. शक्य असेल तर आधी भाड्याने घेऊन बघा.

सर्फिंग ऑलिम्पिकमध्ये यावं ही ड्यूकची जुनी इच्छा होती. ती २०२१ मध्ये, टोकियोच्या खेळांत पूर्ण झाली. महिलांमध्ये पहिलं गोल्ड घेतलं कॅरिसा मूरने. ती होनोलुलूची.