प्रकाशकणांचे कोडे आणि डॉ. होमी भाभा

घाटकोपर, चेंबूर, मानखुर्दच्या रहिवाशांना ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र शेजारचेच. भारतीय अणुकार्यक्रमाचे जनक म्हणून डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मात्र ट्रॉम्बेच्या कितीतरी आधी, केंब्रिजमध्ये त्यांनी कीर्ती मिळवली ती एका वेगळ्याच विषयात. प्रकाशाच्या कणाला वस्तुमान नसते. मग त्यातून वस्तुमान असलेले कण जन्माला येतात कसे, या कोड्याशी त्यांचे सुरुवातीचे संशोधन निगडित होते.

भाभा यांचा जन्म मुंबईत ३० ऑक्टोबर १९०९ रोजी एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. मुलाने अभियंता होऊन टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. १९२७ मध्ये केंब्रिजला गेलेल्या होमींचे मन मात्र भौतिकशास्त्रात रमले. अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळवल्यास गणित शिकण्याची मुभा देऊ, असे वडिलांनी मान्य केले. १९३० मध्ये ती अट पूर्ण करून भाभा आपल्या आवडीच्या विषयाकडे वळले.

तो काळ भौतिकशास्त्रातील उलथापालथीचा होता. प्रकाश ऊर्जेच्या पुडक्यांच्या रूपात वावरतो, हे आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडले होते. या पुडक्याला, म्हणजे फोटॉनला, ऊर्जा आणि संवेग असतो. पण तो कधीच स्थिर नसतो आणि सापेक्षता सिद्धान्तानुसार त्याचे स्थिर वस्तुमान शून्य ठरते. १९३२ मध्ये अँडरसन यांना पॉझिट्रॉन सापडला आणि या चित्रात भर पडली. किमान १० लाख २२ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा फोटॉन अणुकेंद्राजवळून जाताना नाहीसा होतो आणि त्याच्या जागी इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉनची जोडी अवतरू शकते. हे दोन कण भेटले, की उलट त्यांचा प्रकाश होतो.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर ते कसे विखुरतील, याचे गणित भाभांनी १९३५ मध्ये मांडले. हे कण नुसते एकमेकांना बाजूला सारतात असे नव्हे. ते क्षणभर प्रकाशात विलीन होऊन पुन्हा जोडीच्या रूपात प्रकटू शकतात, हेही त्यांनी हिशेबात धरले. ही क्रिया आज ‘भाभा विकिरण’ म्हणून ओळखली जाते. १९३७ मध्ये हाइटलर यांच्यासह त्यांनी वैश्विक किरणांच्या वर्षावाचा उलगडा केला. वातावरणात शिरलेल्या एका वेगवान कणापासून फोटॉन, त्यापासून जोडी, जोडीपासून पुन्हा फोटॉन अशी साखळी वाढत जाते.

फोटॉनला वस्तुमान नसल्यानेच विद्युत बलाची पोच अमर्याद असते. अणुकेंद्रातील बल मात्र अत्यंत तोकडे. म्हणून ते वाहून नेणारा कण जड असावा, असे युकावा यांनी १९३५ मध्ये सुचवले. अशा जड कणांवर भाभांनी १९३८ मध्ये काम केले. हा अस्थिर कण वेगात असेल तर त्याचे आयुष्य आपल्याला लांबलेले दिसेल, हे त्यांनी दाखवून दिले. वैश्विक किरणांतील म्यूऑन या कणांबाबत १९४१ मध्ये रॉसी व हॉल यांच्या मोजमापांतून त्याचा पडताळा आला.

१९३९ मध्ये सुटीसाठी मायदेशी आलेले भाभा महायुद्धामुळे परतू शकले नाहीत. बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत ते रुजू झाले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. १९५४ मध्ये ट्रॉम्बेच्या केंद्राची पायाभरणी झाली आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही देशातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. युरेनियमच्या अणूचे विभाजन होताना वस्तुमानाचा अल्पसा अंश ऊर्जेत बदलतो. कागदावर मांडलेले वस्तुमान व ऊर्जेचे नाते आता मुंबईच्या उपनगरात प्रत्यक्ष राबत होते. त्याची किंमत मात्र भाभांमधील संशोधकाला मोजावी लागली. आयोग, खाते आणि परिषदा यांच्या व्यापात स्वतःच्या संशोधनासाठी त्यांना वेळ उरला नाही.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान अपघातात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ५६ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. फोटॉनचे वस्तुमान तंतोतंत शून्य आहे, हे प्रयोगाने सिद्ध करता येत नाही. ते किती असू शकत नाही, एवढेच सांगता येते. आजवरच्या मोजमापांनुसार ही मर्यादा इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाचे एकावर तेवीस शून्ये इतके भाग केले, तर त्यातील एका भागाहूनही कमी आहे. भाभांच्या समीकरणांत गृहीत धरलेले शून्य अद्याप अबाधित आहे. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या प्रयोगांत कणांच्या झोतांची तीव्रता मोजण्यासाठी आजही भाभा विकिरणाचाच आधार घेतला जातो.