वालचंदांची मोटार



वालचंद हे नाव मला पहिल्यांदा भेटलं ते ॲडमिशनच्या ऑप्शन फॉर्मवर. सांगलीचं कॉलेज, कट-ऑफ आभाळाला! पण हे वालचंद कोण, ते ना फॉर्मवर होतं, ना आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात. तिथे मोटार म्हटलं की हेन्री फोर्ड. मेकॅनिकलला आल्यावर मी शोधायला लागले, आणि जे सापडलं ते आपल्या हॉस्टेलमधल्या प्रत्येकाला माहीत हवं असं वाटलं.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घर गुजराती जैन व्यापाऱ्यांचं. कॉलेजला गेले, पण पदवी न घेताच धंद्यात आले. घरच्या व्यापारात मन रमेना, म्हणून रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी केली आणि रेल्वेची कंत्राटं घेतली. बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांचं काम त्यांच्याच कंपनीचं. म्हणजे सुट्टीत ट्रेनने मुंबईला जाणारे आपण त्यांच्या कामातूनच जातो! ५ एप्रिल १९१९ ला सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून लंडनला निघाली, त्या कंपनीमागेही तेच होते. म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, त्यांच्या साखर कारखान्याभोवती वालचंदनगर उभं राहिलं.

आता मोटारीकडे येऊ. त्या काळी भारतात गाड्या मिळत नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला १९२८ पासून कारखाना होता, फोर्डही इथे होती. पण तिथे परदेशातून पेट्यांमध्ये सुटे भाग यायचे आणि इथले कामगार ते फक्त जोडायचे. गाडी इथे बनली पाहिजे असा आग्रह सर विश्वेश्वरय्यांनी धरला. वालचंदांनी तो उचलला. फोर्डशी बोलणी जमली नाहीत. शेवटी १९४० मध्ये क्रायस्लर तयार झाली. पण महायुद्ध सुरू होतं, आणि मोटार कारखान्याला मदत करायची इंग्रज सरकारची तयारी नव्हती.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. वालचंदांनी त्याच डिसेंबरमध्ये बंगलोरला विमानांचा कारखाना काढला, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया घातला. विमानांच्या कारखान्यातला त्यांचा वाटा सरकारने १९४२ मध्ये विकत घेतला. तोच आजचा एचएएल. मोटारीचा नाद मात्र सुटला नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

गंमत बघा. पुढे १९५० च्या दशकात कुर्ल्याहून डॉज किंग्जवे, डिसोटो डिप्लोमॅट आणि प्लायमाउथ सेव्हॉय अशा तीन गाड्या निघत. नावं तीन, पण मुळात गाडी एकच, प्लायमाउथची! समोरची जाळी आणि बिल्ले वेगळे. मग यात आपलं काय? नाव अमेरिकन, डिझाइन अमेरिकन, शिवडीतही जोडणीच चालायची आणि सुरुवातीला कुर्ल्यातही तेच.

फरक पुढच्या पायरीचा होता. वालचंदांना जोडणीवर थांबायचं नव्हतं, एकेक भाग इथे बनवायचा होता. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं की ज्यांच्याकडे उत्पादनाचा कार्यक्रम नाही त्यांनी जोडणी बंद करावी. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. प्रीमियर राहिली!

ते बघायला वालचंद नव्हते. १९४९ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला, १९५० मध्ये त्यांनी काम सोडलं आणि ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमध्ये सिद्धपूरला ते गेले. ज्या गाडीमुळे प्रीमियर घराघरात पोचली ती फियाट ११०० त्यांच्यानंतरची. तीच पुढे पद्मिनी झाली.

आणि इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. पद्मिनी २००० च्या सुमारापर्यंत जवळजवळ तशीच बनत राहिली. स्पर्धा नव्हती, ग्राहक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचा, मग बदलायचं कशाला? भाग इथे बनले, पण नवीन गाडी इथे डोक्यातून निघाली नाही. जोडणीकडून उत्पादनाकडे ते गेले, तिथून डिझाइनकडे जायची पायरी मागच्यांनी चढायची होती. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली.

आता वाघोलीतून याच नगर रोडने पुढे निघा. ट्रॅफिकमधून सुटलात तर शिक्रापूरच्या पुढे रांजणगाव लागेल. तिथल्या फियाटच्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास बनते. क्रायस्लर आणि फियाट, वालचंदांच्या कंपनीने ज्यांचे परवाने घेतले त्या दोन्ही कंपन्या आता एकाच घरात आहेत आणि जीपही त्याच घरातली!

आपल्यातले बरेच जण उद्या अशाच कुठल्या तरी गेटमधून आत जातील. मार्केटमधून तयार किट आणून जोडलेला मिनी प्रोजेक्ट सबमिट होतो, मार्कही मिळतात. पण पदवी नसलेल्या एका सोलापूरकराने ऐंशी वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न आपल्यापुढे तसाच आहे: यातलं मी बनवलं किती, आणि नुसतं जोडलं किती? उत्तर प्रत्येकाने आपापल्या वर्कशॉपमध्ये शोधायचं. चला तर मग, लागा कामाला!