प्रेमचंद रायचंद : वायद्याच्या बादशहाची चढण आणि घसरण

रुक्मिणीचे माहेर म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठी, कापसाच्या काळ्या मातीत वसले आहे. अमरावती-अकोल्याकडच्या याच मातीतला कापूस एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांवर लादून दूरच्या बाजारपेठांकडे निघे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारकडे सोपवले, त्यामागे इंग्रजांची नजर या कापसावर होतीच. मात्र हा कापूस ज्याच्या हातून पुढे विलायतेला जाई, त्या मुंबईत या व्यापारावर केवढा डोलारा उभा राहिला आणि तो कसा कोसळला, हे समजून घ्यायचे तर प्रेमचंद रायचंद यांचे आयुष्य पाहावे लागते.

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ मध्ये सुरतेच्या एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. लहानपणीच ते वडिलांबरोबर मुंबईला आले आणि इंग्रजी शिकले. त्या काळच्या देशी दलालांमध्ये ही गोष्ट दुर्मीळ होती. १८४९ च्या सुमारास रतनचंद लाला नावाच्या दलालाच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी सुरू केली. तल्लख स्मरणशक्ती, गोड वाणी आणि शब्दाला जागण्याची ख्याती या भांडवलावर काही वर्षांतच शेअर, हुंडी, सोने-चांदी आणि कापूस या चारही बाजारांत त्यांचे नाव झाले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या. हिंदुस्थानी कापसाचा भाव काही पटींनी चढला. हा भाव मुंबईत ठरत नसे. तो लिव्हरपूलला पेन्समध्ये ठरे आणि इकडे लंडनवरील हुंडीच्या दराने चांदीच्या रुपयांत उतरे. बातमी जहाजाने येई. बंदराबाहेरच जहाज गाठून लिव्हरपूलचे भाव इतरांच्या आधी मिळवण्यासाठी प्रेमचंद खास होड्या पाठवीत, असे सांगितले जाते. या चार-पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या उत्पन्नाव्यतिरिक्त सुमारे ८ कोटी पौंड मिळाले, असा अंदाज आहे.

एवढा पैसा नुसता राहणार कुठे? १८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका आणि समुद्र हटवून जमीन काढू पाहणाऱ्या ८ कंपन्या होत्या. बॅक बे कंपनीचा ५ हजार रुपये भरलेला शेअर ५० हजारांच्या घरात गेला. नव्या कंपनीचे शेअर कोणाला मिळावेत हे बहुधा प्रेमचंद यांच्या चिठ्ठीवर ठरे आणि त्यासाठी त्यांच्या दाराशी रीघ लागे. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन ही तर त्यांचीच निर्मिती. त्याहून घातक ठरला तो बँक ऑफ बॉम्बेवरील त्यांचा पगडा. १८६३ च्या कायद्याने या बँकेला शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची मोकळीक मिळाली होती. प्रेमचंद यांच्या शब्दावर कर्जे सुटू लागली. त्या कर्जांतून शेअर घेतले जात, भाव चढे आणि चढलेल्या भावावर आणखी कर्ज मिळे. सरकारनियुक्त संचालक तेथे बसलेले होते, हे विसरता येत नाही. सगळा दोष एका दलालाच्या माथी मारणे सोयीचे असले, तरी न्याय्य नाही.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. बातमी मुंबईत पोहोचताच कापूस गडगडला. शेअरचे वायदे १ जुलै १८६५ या तारखेचे होते. त्या दिवशी घेणाऱ्यापाशी पैसा नव्हता आणि विकणाऱ्याच्या हाती फक्त कागद होता. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर पुढे ८७ रुपयांवर आला. लंडनमध्ये असलेल्या तरुण जमशेटजी टाटांच्या हातची कागदपत्रेही कवडीमोल झाली. प्रेमचंद यांनाही देणी भागवता येईनात. १८६८ मध्ये बँक गुंडाळावी लागली आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. वऱ्हाड ओलांडून रेल्वे नागपूरला पोहोचली ती १८६७ मध्ये, म्हणजे तेजी ओसरल्यावर.

प्रेमचंद कापसाविषयी अडाणी नव्हते, उलट त्यांच्याइतका जाणकार मुंबईत क्वचितच असेल. परंतु भाव दूर देशी ठरणारा, पैसा उसना आणि तारीख ठरलेली, अशा व्यवहारात जाणकारी फारशी उपयोगी पडली नाही. परकीय चलनावरचा सट्टा याच जातीचा आहे. प्रेमचंद यांच्या हयातीतच याचा दाखला मिळाला. जर्मनीसारख्या देशांनी चांदीचे चलन सोडले, खाणींतून चांदी भरमसाट निघाली आणि १८७० च्या सुमारास जवळजवळ २ शिलिंगांचा असलेला रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला. आज मोबाइलवर शंभरपट उसनवारीने डॉलर-युरोच्या जोडीवर पैसा लावणाऱ्याची अनामत दर १ टक्का उलटा फिरला तरी संपते. शिवाय अशी अनेक संकेतस्थळे परकीय चलनविषयक ‘फेमा’ कायद्याखाली अधिकृतच नाहीत. रिझर्व्ह बँक २०२२ पासून त्यांची सावधगिरीची यादी प्रसिद्ध करते. तेथे अडकलेला पैसा सोडवणे कठीण असतेच, पण व्यवहार करणारा स्वतःही कायदेशीर कारवाईच्या कक्षेत येऊ शकतो.

प्रेमचंद यांनी हाय खाल्ली नाही. त्यांनी पुन्हा दलाली सुरू केली. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या आणि आजच्या मुंबई शेअर बाजाराचे मूळ असलेल्या दलालांच्या संघटनेच्या प्रवर्तकांत त्यांचे नाव घेतले जाते. तेजीच्या दिवसांत दिलेल्या देणग्या मात्र बुडाल्या नाहीत. कलकत्ता विद्यापीठात त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली. मुंबई विद्यापीठाला मनोऱ्यासाठी दिलेल्या २ लाख रुपयांतून, आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. प्रेमचंद १९०६ मध्ये वारले, तेव्हा त्या मनोऱ्यावरचे घड्याळ चालू होऊन पाव शतक उलटून गेले होते.