पंडिता रमाबाई

आमच्या वडशाच्या शाळेत रानाकाठच्या गावांतून येणारी मुले पुष्कळ. वाघाची वार्ता आली की त्यांतील लहानगी एकमेकांस बिलगून निजतात, आणि सकाळी कोण घाबरला यावरून थट्टा चालते. अशा वेळी आम्ही पंडिता रमाबाईंच्या मातोश्रींची हकीकत सांगतो.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविण्याचे ठरविले. स्त्रीने देवभाषा शिकावी हे लोकांस रुचेना. म्हणून शास्त्रीबोवा तिला घेऊन सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात राहावयास गेले. पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर नव्हते. दरीपलीकडे वाघ डरकाळ्या फोडीत होता. ती अल्पवयी वधू पासोडीत अंग गुरफटून जमिनीवर थरथरत पडली, आणि शास्त्रीबोवा उजाडेपर्यंत पहाऱ्यास बसले. त्याच रानात लक्ष्मीबाई विदुषी झाल्या, आणि त्याच रानात दि. २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. पहाटे पाखरे जागी होण्याच्या सुमारास आई मुलीस मांडीवर घेऊन श्लोक पढवी.

पुढे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडले. दुष्काळाने गाठले तेव्हा पाने व रानफळे खाऊन दिवस काढावे लागले. थोड्याच महिन्यांत आईबाप व वडील बहीण गेली. रमाबाई आणि बंधु श्रीनिवास पायी उत्तरेस निघाले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून निवारा नव्हता, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे करून गळ्यापर्यंत अंग पुरून घेतले आणि रात्र काढली. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊ वारला, आणि १८८२ मध्ये पतिही. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. यहुदी लोकांचे शास्त्र, ज्यास आपण जुना करार म्हणतो, त्यांस इतके जवळचे का झाले असावे, याचा आम्ही पुष्कळदा विचार करतो. त्या ग्रंथातील माणसे निर्भय नाहीत. मोशे परमेश्वराच्या आज्ञेपुढे सबबी सांगतो. एलीया राणीच्या धाकाने पळून रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. एस्तेर राणी राजाकडे बोलावल्यावाचून जाण्यापूर्वी तीन दिवस आपल्या लोकांस उपास करावयास सांगते, आणि मग जाते. भीती ओसरल्यावर पाऊल उचलले असे तेथे क्वचितच आढळते. ती उरात असतानाच माणसे निघतात. वाळूत रात्र काढलेल्या बाईस हे समजावून सांगावे लागले नसेल.

त्याची कसोटी १८९६–९७ च्या दुष्काळात लागली, आणि तीही आपल्याच मुलखात. त्या काळी आपला भाग मध्यप्रांतातील चांदा जिल्ह्यात मोडे. रमाबाई पुण्यात शारदासदन चालवीत होत्या. त्यास मिळणारी मदत मोजकी होती, आणि शेकडो नव्या मुलींच्या अन्नाची तरतूद कोठेच नव्हती. तरी त्या मध्यप्रांतात आल्या. अनाथ मुलींवर कोणाकोणाचे डोळे आहेत हे त्यांनी पाहिले, आणि स्वतःची जुनी भूक त्यांस आठवली. सुमारे तीनशे मुली त्यांनी गोळा केल्या. पुण्यात प्लेग पसरला होता. एवढी नवी माणसे शहरात ठेवण्यास मनाई झाली. तेव्हा केडगाव येथे फळबागेसाठी घेतलेल्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. त्या वस्तीचे नाव ‘मुक्ति’. यशया संदेष्ट्याने ज्या नगराच्या भिंतींस तारण हे नाव दिले, त्याच्या आठवणीने ते ठेवले गेले. १९०० च्या दुष्काळात गुजराथेतूनही मुली आल्या.

उतारवयात, कानांनी नीट ऐकू येईनासे झाले असता, त्या इब्री व ग्रीक भाषा शिकल्या आणि संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत उतरविण्यास बसल्या. खेड्यातील अल्पशिक्षित बायांस कळावे एवढाच त्यांचा हेतु. आम्ही मराठीचे शिक्षक. ती भाषा आम्हांस कोठे कोठे खडबडीत वाटते हे कबूल करतो. पण दुष्काळातून आलेल्या मुलींनी मुक्तीच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळविले, हे ध्यानात आले की आमची लाल पेन्सिल आपोआप खाली राहते.

१९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. तीच आईचा उजवा हात होती. रमाबाई मुद्रिते तपासीत राहिल्या. दि. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. ग्रंथ १९२४ मध्ये छापून बाहेर पडला.