बहुरूपी यंत्राचा कर्ता : ॲलन ट्युरिंग

गेल्या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहातील एका कन्नडभाषक मित्राने आपल्या साध्या संगणकावर लहानपणचा व्हिडिओ गेम चालवून दाखवला. 'एम्युलेटर' नावाचा एक प्रोग्राम त्याने संगणकात घातला, जुन्या कॅसेटमधला मजकूर उतरवलेली 'रॉम' फाइल त्याला दिली, रिमोटवरच्या कोणत्या बटणासाठी कीबोर्डची कोणती कळ दाबायची ते ठरवून दिले, आणि १९८५ सालचा मारिओ पडद्यावर उड्या मारू लागला. खोलीतली मंडळी खेळात रंगली. मला मात्र वेगळेच कुतूहल वाटले. निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या त्या यंत्राच्या मेंदूची भाषा एक, ह्या संगणकाची दुसरी; मग हे जमते कसे?

आपण सीमाभागातील मंडळी. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. बाजारात दुभाषा जसा एकेक वाक्य कन्नडमध्ये ऐकतो आणि लगेच मराठीत सांगतो, तसा एम्युलेटर जुन्या यंत्राची एकेक आज्ञा वाचतो आणि तिचा जो परिणाम तिकडे झाला असता तोच इकडे घडवून आणतो. जुन्या एका आज्ञेपायी नव्या यंत्राला अनेक आज्ञा खर्ची घालाव्या लागतात, म्हणून ते पुष्कळ वेगवान असावे लागते. पण मुळात एका यंत्राने दुसऱ्याचे सोंग हुबेहूब वठवावे, ही कल्पना कोणाची? तिचा माग काढता काढता मी ॲलन ट्युरिंगच्या चरित्रापाशी पोचलो.

ट्युरिंगचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी नोकर, आईचे वडील मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता, आणि आईचा जन्म तर कोइमतूरजवळच्या पोदनूरचा. आईवडील हिंदुस्थानात आणि दोन्ही मुलगे इंग्लंडमध्ये परक्यांच्या घरी, असे त्याचे बालपण गेले. १९२६ साली शेरबर्नच्या शाळेत जायच्या दिवशी देशभर संप होता; आगगाड्या बंद. तेव्हा हा तेरा वर्षांचा मुलगा सायकलवरून सुमारे ६० मैल तुडवून शाळेत हजर झाला. शाळेत ख्रिस्तोफर मॉरकॉम हा त्याचा जिवाभावाचा मित्र. फेब्रुवारी १९३० मध्ये तो क्षयाने गेला. हा घाव ट्युरिंगच्या मनातून कधी भरून निघाला नाही.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात तो १९३१ साली आला आणि १९३५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तिथला फेलो झाला. त्याच वर्षी मॅक्स न्यूमन यांच्या व्याख्यानांत त्याने हिल्बर्टचा एक प्रश्न ऐकला : गणितातले कोणतेही विधान सिद्ध होण्याजोगे आहे की नाही, हे ठरवणारी एखादी ठरीव रीत असू शकेल काय? उत्तर शोधण्यासाठी त्याने मनातल्या मनात एक यंत्र कल्पिले. एक लांबच लांब फीत, तिच्यावर चौकोन, चौकोनांत चिन्हे. यंत्र एका वेळी एक चिन्ह पाहते, नियमांच्या तक्त्याप्रमाणे ते पुसते किंवा नवे लिहिते, आणि एक घर डावीकडे वा उजवीकडे सरकते. एवढेच! मग त्याच्या लक्षात आले, की हा नियमांचा तक्ताच चिन्हांत लिहून फितीवर ठेवता येईल. असे एक यंत्र करावे, की ज्याच्या पुढ्यात कोणत्याही यंत्राचे वर्णन ठेवले तर ते त्या यंत्रासारखे वागू लागेल. आपल्याकडचा बहुरूपी आज पोलीस होतो, उद्या साधू. माणूस एकच, सोंग बदलते. १९३६ सालच्या त्या निबंधात हिल्बर्टच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले (अमेरिकेत अलोन्झो चर्च यांनीही त्याच सुमारास निराळ्या वाटेने तेच सिद्ध केले होते), पण जगाच्या उपयोगी पडले ते हे बहुरूपी यंत्र. निबंध लिहिला गेला तेव्हा आजच्या अर्थाने संगणक अस्तित्वातच नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे मती गुंग होते.

युद्धातील कामगिरी बहुतेकांना ठाऊक असते. सप्टेंबर १९३९ मध्ये तो ब्लेचली पार्कला गेला. जर्मनांच्या 'एनिग्मा' यंत्राचे कोडे प्रथम पोलंडच्या गणितज्ञांनी सोडवले होते, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. त्यांच्या कामावर पाया घालून ट्युरिंगने नवे 'बॉम्ब' यंत्र रचले आणि जर्मन नौदलाचे संदेश उलगडण्याच्या कामाचे नेतृत्व केले. माणूस मोठा तऱ्हेवाईक. परागकणांनी शिंका येतात म्हणून सायकलवर वायूचा मुखवटा चढवून जाई. चहाचा मग कोणी नेऊ नये म्हणून साखळीने बांधून ठेवी. धावण्यात तर तो पट्टीचा. १९४७ साली त्याने मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पुरी केली.

युद्धानंतर त्याने 'एस' नावाच्या संगणकाचा आराखडा केला आणि १९४८ मध्ये तो मँचेस्टरला गेला. मला सर्वांत जवळची वाटते ती त्याच सुमाराची बुद्धिबळाची हकिकत. मित्र चँपरनाउन याच्या साथीने त्याने बुद्धिबळ खेळण्याचे नियम लिहून काढले. ते चालवील असे यंत्र हाताशी नव्हते. मग १९५२ साली ट्युरिंग स्वतःच कागद-पेन्सिल घेऊन यंत्र बनला! स्वतःची अक्कल बाजूला ठेवायची, नियम सांगतील तीच खेळी करायची. एकेका खेळीला अर्धा-अर्धा तास. समोर ॲलिक ग्लेनी. एकोणतिसाव्या खेळीला कागदी यंत्र हरले. आजचा एम्युलेटर जे क्षणात करतो, ते हा माणूस हाताने करीत बसला होता.

त्याच वर्षी त्याच्या घरी चोरी झाली. त्याने पोलिसांत वर्दी दिली, आणि चौकशीत तो समलिंगी असल्याचे उघड होताच आरोपी ठरला तोच. तुरुंग किंवा संप्रेरकांचे उपचार, असा पर्याय पुढे आला. वर्षभर त्याने ती इंजेक्शने सोसली. सरकारी गुप्त कामाची दारे त्याला बंद झाली. युद्धात त्याने देशासाठी काय केले, हे भर न्यायालयात सांगायचीही सोय नव्हती. ते गुपित १९७० नंतर फुटले. ज्या राज्याला त्याने वाचवले त्यानेच त्याला असे वागवावे, ह्याला मी तरी कृतघ्नताच म्हणेन. ७ जून १९५४ रोजी विल्म्सलो येथील घरी सायनाइडने त्याचा मृत्यू झाला, वय ४१. चौकशीत आत्महत्या ठरली, आईला मात्र तो अपघातच वाटत राहिला.

इंग्लंडमध्ये तो कायदा १९६७ साली सैल झाला. पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी २००९ साली क्षमा मागितली, २०१३ मध्ये राणीची माफी आली, आणि २०२१ मध्ये ५० पौंडांच्या नोटेवर त्याची तसबीर छापली गेली. इंग्रजांनी आपल्याकडे ठेवून दिलेले कलम ३७७ सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीपुरते रद्द व्हायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला.

त्याच्या जन्मशताब्दीला, २०१२ साली मँचेस्टर येथे, ते बुद्धिबळाचे कागदी यंत्र संगणकावर उभे करण्यात आले आणि त्याच्यासमोर गॅरी कास्पारॉव्हला बसवले. कास्पारॉव्हने सोळा खेळींत डाव जिंकला.