रॉबर्ट बॉश

रॉबर्ट बॉश (२३ सप्टेंबर १८६१, आल्बेक – १२ मार्च १९४२, श्टुटगार्ट) हे जर्मन उद्योजक व विद्युत तंत्रज्ञ होते. मोटारगाड्या व मोटारसायकली यांवरील विद्युत उपकरणांच्या विकासात त्यांच्या कारखान्याचा मोठा वाटा आहे.

प्रारंभिक जीवन

बॉश यांचा जन्म उल्म शहराजवळच्या आल्बेक या गावी झाला. बारा भावंडांत ते अकरावे. वडिलांची शेती व खाणावळ होती. उल्म येथे सूक्ष्म यंत्रकामाची उमेदवारी केल्यावर १८८४ मध्ये ते अमेरिकेस गेले. तेथे एडिसन यांच्या उद्योगात व पुढे इंग्लंडमध्ये सीमेन्सच्या कारखान्यात त्यांनी काम केले. १५ नोव्हेंबर १८८६ रोजी त्यांनी श्टुटगार्टमध्ये स्वतःची छोटी कार्यशाळा उघडली.

मॅग्नेटो

इंजिनातील इंधन पेटविण्यासाठी ठिणगी लागते. फिरत्या चुंबकीय यंत्रणेतून, बॅटरीविना ठिणगी देणारे उपकरण म्हणजे मॅग्नेटो. १८८७ मध्ये बॉश यांनी ते एका जागी बसविलेल्या इंजिनासाठी तयार केले. वाहनाचे इंजिन मात्र फार वेगाने फिरते आणि मॅग्नेटोचा जड भाग तितक्या वेगाने हलू शकत नसे. त्याऐवजी हलकी धातूची नळी हलविण्याची युक्ती कारखान्यातील आर्नोल्ड त्सेरिंगर यांनी काढली. त्यामुळे १८९७ मध्ये द दियों-बूतों कंपनीच्या तीनचाकी वाहनावर मॅग्नेटो यशस्वीपणे बसविता आला. १९०२ मध्ये गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो व स्पार्क प्लग यांची जोडी सिद्ध केली.

दिवे व भोंगा

त्या काळी वाहनांवर प्रामुख्याने कार्बाइडचे दिवे असत. १९१३ मध्ये कारखान्याने दिवा, डायनॅमो, नियंत्रक व बॅटरी यांचा एकत्रित संच बाजारात आणला. वाहनावर वीज निर्माण करणे, साठविणे आणि वापरणे या तिन्ही गोष्टी त्यामुळे एका व्यवस्थेत आल्या. १९२१ मध्ये विद्युत भोंगा व १९२३ मध्ये सायकलचा दिवा आला.

कामगार व युद्धे

१९०६ मध्ये बॉश यांनी कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला. १९१३ मध्ये मात्र तेथे मोठा संप झाला. पहिल्या महायुद्धातील नफ्यापैकी मोठी रक्कम त्यांनी लोकोपयोगी कामांस दिली. नाझी राजवटीत कंपनीने युद्धसामग्री पुरविली व तिच्या कारखान्यांत सक्तीचे मजूर राबविले गेले. याच काळात बॉश व त्यांच्या सहकाऱ्यांनी छळ झालेल्या अनेक ज्यूंना मदत केली आणि हिटलरविरोधी गटाचे कार्ल ग्योर्डेलर यांना आधार दिला. त्यांच्या चरित्रातील हा अंतर्विरोध दुर्लक्षिता येत नाही.

वारसा

बॉश यांच्या देणगीतून उभारलेले रुग्णालय १९४० मध्ये श्टुटगार्टमध्ये सुरू झाले. महाराष्ट्रात नाशिक येथे कंपनीचा कारखाना आहे. वाहनांतील रिलेवर दिसणारे ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे जर्मन मानक ७२५५२ मधील असून आज ते जगभर रूढ आहेत. घरी मोटारसायकलला जादा दिवा किंवा भोंगा जोडणाऱ्यास ते उपयोगी पडतात : ३० ला बॅटरीची तार फ्यूजमधून येते, ८७ वरून उपकरणास वीज जाते, तर ८५ व ८६ ही रिलेच्या वेटोळ्याची टोके होत. अशा जोडणीत बटणातून अल्प प्रवाह वाहतो. उपकरणाचा मोठा भार रिले पेलतो.