गणितश्रेष्ठ गाउस व त्यास ओळखणारी माणसे

प्रतिवर्षी या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर आपल्या ज्ञातीतील गुणवंत विद्यार्थ्यांची नावे व त्यांच्या गुणांची टक्केवारी छापली जाते. ती वाचून आम्हांस धन्यता वाटतेच. परंतु पस्तीस वर्षे खडूफळ्याशी काढल्यामुळे एक प्रश्नही मनात उभा राहतो. ज्या मुलाच्या अंगी असामान्य बुद्धी आहे, पण ज्याचे नाव अद्याप कोणत्याच यादीत आलेले नाही, त्याचे काय? परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी साऱ्या जगाला दिसतो. त्याच्याआधी, तो मागच्या बाकावर गप्प बसलेला असताना, त्यास कोणी तरी पाहावे लागते. या अंकासाठी चरित्रलेख लिहिण्याचे ठरले तेव्हा आम्ही जर्मन गणिती कार्ल फ्रीड्रिख गाउस याची निवड केली ती याच कारणास्तव. आर्किमिडीज व न्यूटन यांच्या पंक्तीला ज्यास बसवितात, असा हा पुरुष मोलमजुरी करणाऱ्या बापाचा मुलगा होता आणि गावातल्या साध्या लोकशाळेत शिकला होता.

गाउसचा जन्म ३० एप्रिल १७७७ रोजी ब्राउनश्वाइग या शहरी झाला. हे शहर त्या काळी एका लहानशा जर्मन संस्थानाची राजधानी होते. वडील गेबहार्ट हे कधी बागकाम, कधी गवंडीकाम, असे हाताला मिळेल ते काम करीत. माणूस सचोटीचा, पण घरात मोठा करडा. आई डोरोथेआ ही लग्नापूर्वी दुसऱ्याच्या घरी मोलकरीण होती. तिला थोडेफार वाचता येई. लिहिता येत नसे. मुलाची जन्मतारीखही तिने कोठे टिपून ठेवली नव्हती. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी आठ दिवस, बुधवारी, एवढीच खूण तिच्या ध्यानात होती. आपल्याकडील जुन्या बायका नाही का, प्लेगच्या साली किंवा अमक्या पुराच्या श्रावणात अशा खुणांवरून मुलांची वये सांगत! हा सण ईस्टरवर अवलंबून असतो आणि ईस्टर चंद्राच्या गतीप्रमाणे दरवर्षी हलतो. कोणत्याही वर्षीचा ईस्टर काढण्याची रीत पुढे गाउसने १८०० साली प्रसिद्ध केली. आईने सांगितलेल्या खुणेवरून आपला जन्मदिवस नक्की करण्यास तीच उपयोगी पडते.

वडील मजुरांच्या आठवड्याच्या पगाराचा हिशेब करीत असता तीन वर्षांच्या कार्लने त्यातली चूक दाखविली, अशी हकीकत गाउस स्वतःच उतारवयात सांगत असे. थोरांच्या बाळपणाच्या अशा कथा थोड्या सावधपणेच घ्याव्यात, असे आमचे मत आहे. खऱ्या अर्थाने ज्या ठिकाणी त्याचे भाग्य उघडले ते ठिकाण म्हणजे शाळा.

१७८४ साली, सातव्या वर्षी, कार्लला सेंट कॅथरिनच्या लोकशाळेत घातले. ब्यूटनर नावाचे गृहस्थ तेथे शिकवीत. एक ठेंगणी कोंदट खोली, झिजलेली जमीन, तीत शंभराच्या आसपास मुले आणि त्यांच्यामधून हातात चाबूक घेऊन फिरणारे मास्तर, असे त्या शाळेचे वर्णन आढळते. पहिली दोन वर्षे या मुलात विशेष काही आहे असे कोणाच्या लक्षात आले नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. गाउससारखी बुद्धीसुद्धा शंभर मुलांच्या गर्दीत दोन वर्षे न दिसता राहू शकते.

पुढे तो हिशेबाच्या वर्गात गेला. तेथील रिवाज असा होता की, ज्याचे गणित आधी होईल त्याने आपली पाटी मास्तरांच्या मेजावर पालथी ठेवावी, त्यानंतरच्याने त्या पाटीवर आपली पाटी ठेवावी. अशी ती चळत वाढत जाई. एके दिवशी ब्यूटनर यांनी ओळीने येणाऱ्या पुष्कळ संख्यांची बेरीज घातली. मास्तरांचे सांगून पुरे होते न होते तोच कार्लने पाटी नेऊन ठेवली व तो हाताची घडी घालून जागेवर बसला. बाकीची मुले घाम गाळीत बसली होती. अखेर पाट्या सुलट्या केल्या तेव्हा सर्वांत खालच्या पाटीवर एकच संख्या लिहिलेली आढळली आणि ती बरोबर होती. वरच्या पाट्यांपैकी पुष्कळ चुकल्या होत्या, व त्यांच्या धन्यांना चाबकाचा प्रसादही मिळाला.

ही बेरीज १ ते १०० अशी होती, असे सर्वत्र सांगतात. गाउसचा स्नेही सार्टोरियस याने १८५६ साली जे पहिले चरित्र लिहिले त्यात मात्र त्या संख्या दिलेल्या नाहीत. १ ते १०० ही भर मागाहूनच्या सांगणाऱ्यांनी घातली आहे. तरी रीत समजण्यास ते उदाहरण चांगले आहे. पहिली व शेवटची संख्या मिळवली की १०१ होतात. दुसरी व शेवटून दुसरी, २ व ९९, मिळवली तरी १०१ होतात. अशा ५० जोड्या पडतात, आणि ५० वेळा १०१ म्हणजे ५०५०. आज अंकगणिती श्रेढीच्या धड्यात हे मुलांना शिकवितात. शिकविल्यावर समजणे वेगळे आणि दहाव्या वर्षाच्या आसपास, कोणी न सांगता, पाटी हातात असतानाच ते सुचणे वेगळे.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक लोक येथेच थांबतात आणि मुलाची वाहवा करतात. आम्हांस तिचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. शंभर मुलांचा वर्ग चालविणाऱ्या शिक्षकास क्षणात गणित उरकणारा मुलगा हा बहुधा सोयीचा नसतो. तो रिकामा बसतो, इतरांना बिघडवितो, पुढे पुढे विचारतो. हा उद्धट आहे, असा शेरा मारून त्याला मागे ढकलणे सर्वांत सोपे. ब्यूटनर हे तर चाबूकवाले मास्तर. परंतु त्यांनी काय केले? हॅम्बुर्गहून गणिताचे अधिक वरचे पुस्तक मागविले आणि ते त्या मुलाच्या हाती दिले. ते त्याने पचविल्यावर आता याला शिकविण्याजोगे आपल्याजवळ काही उरले नाही, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले. पेशातील माणसास हे कबूल करणे किती जड जाते ते आम्ही जाणतो. ब्यूटनर यांचे नाव इतिहासात चाबकासाठी घेतले जाते. आम्ही ते या पुस्तकासाठी घेतो.

त्या शाळेत मार्टिन बार्टेल्स नावाचा सतरा-अठरा वर्षांचा एक मदतनीस होता. लहान मुलांना पिसाच्या लेखण्या तासून देणे, अक्षरे गिरवून घेणे, ही त्याची कामे. त्याचा बाप कथिलाची भांडी घडवी, आणि ही दोन्ही कुटुंबे एकाच आळीत राहत. बार्टेल्सला स्वतःला गणिताचे वेड होते. तो व हा आठ वर्षांनी लहान मुलगा मिळून पुस्तके जमवू लागले, द्विपद सिद्धान्त व अनंत श्रेढी यांचा एकत्र अभ्यास करू लागले. एकटी बुद्धी कुढते. बरोबरीने बोलणारे माणूस मिळाले की ती चौखूर धावते. ब्यूटनर यांनी पुस्तक दिले, बार्टेल्सने सोबत दिली.

परंतु घरची अडचण राहिलीच होती. संध्याकाळी कार्लला अळशीच्या धाग्याचे सूत कातावे लागे, कारण घराला त्या चार पैशांची गरज होती. ब्यूटनर यांनी वडिलांना बोलावून घेतले. मुलाला पुढे शिकवायचे तर खर्च कोठून आणावा, हा बापाचा प्रश्न होता, आणि तो रास्तच होता. मोठ्या माणसांचा आश्रय मिळवून देता येईल, असे मास्तरांनी सांगितले. बोलण्याचा शेवट असा झाला की, संध्याकाळचे सूत कातणे माफ झाले. गेबहार्ट यांनी घरी येऊन तो चरखा फोडून त्याचे सरपण केले, असेही सांगतात. गाउसच्या चरित्रात बापाला कठोर म्हणून रंगविण्याची रीत पडली आहे. आम्हांस ते तितकेसे पटत नाही. मिळकतीचे साधन असलेले मुलाचे दोन हात ज्याने मोकळे केले, त्या गरीब माणसाचा वाटा काही लहान नव्हे.

१७८८ साली कार्ल वरच्या शाळेत गेला व लॅटिन, ग्रीक या भाषा झपाट्याने शिकला. तिकडे बार्टेल्स त्याच सुमारास कॅरोलिनम या महाविद्यालयात दाखल झाला होता. त्याने तेथील प्राध्यापक त्सिमरमान यांच्या कानावर या मुलाची गोष्ट घातली. त्सिमरमान यांनी १७९१ साली त्याला संस्थानाचे अधिपती ड्यूक कार्ल विल्हेल्म फेर्डिनांट यांच्यासमोर उभे केले. चौदा वर्षांचा, बुजरा, मजुराचा मुलगा! ड्यूकसाहेबांनी त्याच्या शिक्षणाचा भार उचलला, आणि पुढे पंधरा वर्षे, आपल्या मृत्यूपर्यंत, तो सोडला नाही. संस्थानचे स्वतःचे विद्यापीठ हेल्मश्टेट येथे असूनही गाउसला परक्या राज्यातील ग्योटिंगेन येथे शिकावेसे वाटले, तेव्हाही त्यांनी पैसे बंद केले नाहीत. दात्याने दान दिल्यावर वाटही आपलीच धरावी असा हट्ट न करणे ही दुर्मिळ गोष्ट आहे. आपल्या शिष्यवृत्ती निधीच्या चालकांनी याचा विचार करावा.

या आश्रयाचे फळ काय मिळाले ते थोडक्यात सांगतो. १७९२-९३ च्या सुमारास, पंधरा-सोळाव्या वर्षी, लघुगणकांची कोष्टके चाळताना मूळ संख्या पुढे पुढे किती विरळ होत जातात याचा नियम त्याने ताडला. त्याची सिद्धता जगाला १८९६ साली मिळाली. ३० मार्च १७९६ रोजी केवळ पट्टी व कंपास यांनी सतरा बाजूंची सुसम आकृती काढता येते हे त्याला उमगले. ग्रीकांच्या काळापासून दोन हजार वर्षे हे कोणाला सुचले नव्हते. भाषाशास्त्र घ्यावे की गणित, या संभ्रमात तो तोपर्यंत होता. त्या दिवशी गणिताचा निश्चय झाला. १७९९ साली हेल्मश्टेटने त्याला डॉक्टर ही पदवी दिली. १८०१ साली त्याचा अंकशास्त्रावरील लॅटिन महाग्रंथ ड्यूकच्या साहाय्याने छापला गेला व त्यांनाच अर्पण झाला. त्याच वर्षी जानेवारीत दिसून नाहीसा झालेला सिरीज हा लघुग्रह गाउसने गणिताने सांगितलेल्या जागी वर्षअखेर पुन्हा सापडला, आणि त्याचे नाव युरोपभर झाले. १८०६ साली नेपोलियनच्या सैन्याशी लढताना ड्यूक जखमी होऊन मरण पावले. पुढल्या वर्षी गाउस ग्योटिंगेनच्या वेधशाळेचा प्रमुख झाला व २३ फेब्रुवारी १८५५ रोजी मृत्यू येईतो तेथेच राहिला.

आई मात्र मुलाच्या बुद्धीविषयी दीर्घकाळ साशंक होती. ग्योटिंगेनमधील त्याचा हंगेरियन सहाध्यायी फार्कश बोयाई घरी आला असता तिने त्याला बाजूला घेऊन आपल्या मुलाचे पुढे काही होईल का, असे विचारले. तो युरोपातील सर्वश्रेष्ठ गणिती होईल, असे बोयाईने सांगताच तिला रडू कोसळले. १८१७ पासून ती मुलाजवळ वेधशाळेत राहिली. शेवटची चार वर्षे ती अंध होती. १८३९ साली, सत्त्याण्णवाव्या वर्षी, ती वारली.

बार्टेल्सचे पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. लेखण्या तासणारा हा मुलगा रशियातील कझान येथे गणिताचा प्राध्यापक झाला. तेथे त्याच्या हाताखाली एका गरीब, पितृहीन घरातला विद्यार्थी आला. त्याचे नाव लोबाचेव्हस्की. युक्लिडच्या भूमितीहून वेगळी भूमिती संभवते, हे १८२९ साली जगापुढे प्रथम मांडणारा तो हाच. एका आयुष्यात असे दोन विद्यार्थी ज्याच्या ओंजळीत पडले, असा दुसरा शिक्षक आमच्या तरी वाचनात नाही. हा योगायोग म्हणावा की नजर? आम्ही नजर म्हणतो.

आणि स्वतः गाउस? शिकविणे त्याला मनापासून आवडत नसे. तरी रीमान व डेडेकिंट यांच्यासारखे शिष्य त्याच्या सावलीत वाढले. सोफी जेर्मेन या फ्रेंच विदुषीची योग्यता त्याने मोकळ्या मनाने मानली. परंतु एक प्रसंग झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. ज्या फार्कश बोयाईने त्याच्या आईला धीर दिला, त्याचा मुलगा यानोश हाही लहानपणापासून विलक्षण बुद्धीचा निघाला. बाप साधा शिक्षक, मिळकत तुटपुंजी. १८१६ साली त्याने जुन्या मित्राला पत्र लिहून, मुलाला तुमच्या घरी ठेवून घ्या व शिकवा, अशी विनंती केली. गाउसने उत्तर पाठविले नाही. यानोश लष्करी शाळेत गेला. तेथून बाहेर पडल्यावर त्यानेही, कझानची वार्ता कानी नसताना, तीच नवी भूमिती शोधली. बापाच्या पुस्तकाला जोडलेले ते प्रकरण १८३२ साली गाउसच्या हाती पडले. याची स्तुती करणे म्हणजे आपलीच स्तुती करणे होईल, कारण हे विचार आपल्या मनात फार वर्षांपासून आहेत, असा त्याने जबाब धाडला. दुसऱ्या एका मित्राला मात्र त्याने हा तरुण पहिल्या प्रतीचा प्रतिभावंत असल्याचे कळविले. पण ते खाजगी पत्रात; जाहीरपणे तो एक शब्दही बोलला नाही, आणि तोच शब्द त्या तरुणाला हवा होता. पुढल्याच वर्षी यानोश लष्करातून निवृत्तिवेतन घेऊन बाहेर पडला. हस्तलिखितांचे ढीग त्याने मागे ठेवले, पण त्या एका प्रकरणानंतर त्याच्या हयातीत त्याचे गणित काही छापले गेले नाही. १८६० साली तो वारला, तेव्हा त्याच्या कामाची महती जाणणारे युरोपात फारसे कोणी नव्हते.